निथळबाबांचं पांढरं पाणी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निथळबाबा. त्यांनी ओला कपडा वन्संच्या केस काढलेल्या डोक्यावर दाबला, डोळे मिटले आणि काचेच्या भांड्यातल्या पाण्यात तो पिळला. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"डॉक्टरांनी हिच्या मेंदूत औषधाच्या चकत्या पुरल्या होत्या," बाबा म्हणाले. "वितळून बाहेर आल्या, बघा. वास घ्या. दवाखान्याचाच आहे की नाही? विष गेलं, गाठही गेली. आता तिकडे फिरकायचं नाही."

भांडं रांगेतून फिरलं. वास खरंच दवाखान्याचा होता. बायका हात जोडू लागल्या. मला नुसतं कुठेतरी टेकावंसं वाटत होतं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. ऑपरेशनमध्ये मेंदूतली गाठ काढली, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत त्या चकत्या ठेवल्या होत्या. सोमवारपासून रेडिएशन होतं. परतताना रिक्षात वन्संनी जाहीर केलं, "मी जाणार नाही."

स्कॅनला मात्र आल्या, बाबांची करामत बघायला. पडद्यावर चकत्या जवळजवळ दिसतच नव्हत्या.

"बघ," त्या मला म्हणाल्या.

"विरघळायलाच ठेवल्या होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचंही जेवण राहिलेलं दिसत होतं. "विरघळताना त्या औषध तिथल्या तिथे सोडतात, उरल्यासुरल्या पेशी मारायला. तेवढ्याने भागत नाही, म्हणून रेडिएशन. तरी गाठ परत येणारच नाही, असं नाही सांगता येत."

"आणि ते पांढरं पाणी?" वन्संनी विचारलं.

ते त्यांना सांगता येईना. मला वाटेत सुचलं; फरशी मीच पुसते ना. घरी येऊन भांड्यात पाणी घेतलं, ओल्या फडक्याच्या आतल्या घडीत फिनेल ओतलं आणि वन्संच्या देखत पिळलं. तसंच दूध, तोच वास. हॉलमधल्या कितीतरी जणींनी सकाळी त्याच वासात लादी पुसली असेल, आणि संध्याकाळी त्यालाच नमस्कार केला.

वन्संनी भांडं उचलून हुंगलं.

"अगं, पण बाबा म्हणाला गाठ परत येणार नाही. डॉक्टरीण म्हणते, सांगता येत नाही. मी कुणाच्या भरवशावर झोपू?"

याला माझ्याकडे प्रयोग नव्हता.

"जिला माहीत नाही, ती तसं कबूल करतेय, वन्सं. तिचं ऐकू."

"ते पाणी ओत आधी. घरभर वास सुटलाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "सोमवारी तूच चल. माझ्या भावाला नको, तो रडतो."

त्या बऱ्या होतील का, मला ठाऊक नाही. रेडिएशन चालू आहे. हॉलमध्ये रांगही चालूच आहे. तुमचं माणूस त्या रांगेत असेल तर भांडू नका, तेवढी ताकद कुणात उरलेली नसते. खात्री देणाऱ्याला फक्त विचारा, कशावरून? थकल्या आवाजात विचारलंत तरी चालेल.