ताशा वाघाच्या मागून

लोहितला मी सरळ सांगून टाकलं, "मधला सगळा भाग फेकून दे. माझा वाघ कवायत करतोय."

तो उडालाच. "विनुता, डोकं ठिकाणावर आहे का? मार्नेमी तोंडावर आलीये! एकेक पाऊल ठोक्यावर पडतंय, आणखी काय हवं तुला?"

तेच तर माझं दुखणं होतं. मंगळुरात मार्नेमीला, म्हणजे नवरात्रात, माणसं अंग रंगवून वाघ होऊन नाचतात, त्या पिलिवेषावर आम्ही दोघं गाण्याचा व्हिडिओ करत होतो. गाणं लोहितचं, ॲनिमेशन माझं. मध्ये कडवी थांबतात आणि नुसत्या ताशावर वाघ नाचतो. लोहितने तो ताशा कॉम्प्युटरवर बसवला आणि त्याबरहुकूम मी वाघ काढला. अगदी बिनचूक. ज्याने पाहिला त्याने वाहवा केली, मला मात्र तो बघवेना! आमच्या बंदरात ताशा ऐकून वाघ नाचत नाही. ताशेवालाच वाघाच्या पायांवर डोळे लावून वाजवतो. वाघ दबला की ताशा दबतो, वाघ उसळला की ताशा कडाडतो. आणि आम्ही शहाण्यांनी बिचाऱ्या वाघालाच ताशाच्या दावणीला बांधलं होतं.

"म्हणजे आधी मुकं चित्र आणि मग त्यावर ताशा?" लोहितने विचारलं.

"हो."

"असं कोणी करत नाही."

"मग आपण करू. चल, ऊठ!"

वाघ पुन्हा काढला, कानात एक आवाज न घेता. या वेळी त्याला हवं तिथे थांबू दिलं, हवं तिथे रेंगाळू दिलं. पेंढ्यात बांधलेली तांदळाची जड मुडी दातांत धरून डोक्यावरून मागे भिरकावायची, हा आमच्या वाघांचा मोठा खेळ. माझ्या वाघाच्या दातांतून ती पहिल्यांदा निसटते. हे मी लोहितलाही सांगितलं नाही.

आता ताशा वाजवणार कोण? माझे मोनप्पामामा, दुसरं कोण! लॅपटॉप काखेत मारून मी त्यांच्या घरी थडकले. मामा गोळीबजे खात बसले होते.

"चित्राला वाजवू?" त्यांनी तोंडातला घास थांबवला. "अक्कल गहाण टाकलीस काय गं? खरा वाघ माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. तुझं चित्र कुणाकडे बघणार?"

"बघा तरी एकदा!"

"आणि माझा हात उठलाच नाही तर?"

"तर हा वाघ मी पुसून टाकीन. कॉम्प्युटरचा ताशा याला लावणार नाही म्हणजे नाही."

बोलले खरी! सगळा पावसाळा मी त्या वाघापायी घालवला होता.

आतून मामी ओरडली, "अहो, भाचीचं एवढं तरी ऐका, नाहीतर आज जेवण तुमचं तुम्ही रांधा!"

मामांनी हात पुसले. "बरं. पण आधी काही दाखवायचं नाही. वाघ काय करणार हे मला कधी आधी कळलंय? एकदाच वाजवीन. हात चालला तर चालला."

दुपारी मामांच्या मंडळाच्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर आम्ही प्रोजेक्टरने चित्र लावलं. मामांच्या गळ्यात ताशा, बाजूला ढोल घेऊन सीताराम आणि त्याचा भाऊ, समोर माईक धरून लोहित. वाघ आला. त्याने एक गिरकी घेतली. मामा नुसते बघत राहिले, काड्या खालीच. वाघ अख्खं रिंगण फिरला तरी हात हलेना. लोहितने माझ्याकडे बघितलं. संपलं, गेला माझा वाघ!

मग वाघ थांबला. त्याने अंगाचा भार मागच्या पायावर घेतला आणि त्याचा खांदा थरारला. टक्! मामांची डावी काडी पडली. वाघाने मान वळवली, उजवी पडली. आणि मग जो ताशा सुटला म्हणता! ढोल मागून धावत आले. वाघ जमिनीला चिकटला की खोलीत कुजबुजल्यागत आवाज उरायचा, तो उसळला की खिडक्या हादरायच्या. मी वेड्यासारखी उड्या मारत होते, तोंड दाबून, माईक चालू होता ना!

वाघाने मुडी दातांत धरली. मान ताठली, ताशा चढत गेला, चढत गेला आणि मुडी निसटली. धप्पकन खाली!

मामा थांबले नाहीत. ते तीन ढांगांत भिंतीपाशी गेले, वाघाच्या पायांशी वाकले आणि हळू, अगदी हळू वाजवू लागले. माईक घेऊन लोहित त्यांच्या मागे धावला. "ऊठ रे पोरा!" मामा भिंतीला म्हणत होते. "ऊठ, मी आहे ना! सोडू नकोस!"

वाघाने पुन्हा मुडी धरली. मामांच्या काड्या दिसेनाशा झाल्या. मुडी डोक्यावरून मागे गेली आणि आम्ही सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली, माईक गेला खड्ड्यात!

चित्र संपलं, भिंत पांढरी झाली. मामा धापा टाकत माझ्याकडे वळले आणि खेकसले, "अगं, बघत काय उभी राहिलीस? पोराला आधी पाणी दे!"

मी हलायच्या आत सीताराम तांब्या घेऊन धावला आणि भिंतीपुढे जाऊन थबकला. कोणी हसलं नाही.