रखमाक्काला मारायचं कसं

"या शनिवारी म्हातारी मारून टाक," साप्ताहिकाचे संपादक रंगनाथराव चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "तुझी जागा पुढच्या अंकापासून बियाण्याच्या जाहिरातीला दिलीय."

मच्छिंद्र पेंटरनं ब्रश पुसून डब्यात उभा केला. शेवगावच्या स्टँडसमोर आपल्या दुकानात टेम्पोचे नंबर रंगवता रंगवता तो तीन वर्षं रखमाक्काची चित्रकथा काढत होता. दर शनिवारी चार चौकटी. पिशवीत कोंबडी घेऊन एसटीत चढणारी रखमाक्का आणि कोंबडीचं तिकीट मागणारा कंडक्टर. भांडण तेच, शिव्या तेवढ्या ताज्या.

समोरच्या पानावर राधाकृष्ण सरांची कादंबरी चालायची. तिचा नायक दिवाळीपासून मरत होता. संक्रांत आली तरी त्याच्या दोन आठवणी आणि एक सूर्यास्त शिल्लक होता.

"मरण हे चित्राचं काम नाही, मच्छिंद्र," दुकानातल्या बाकावर बसलेले सर मायेनं म्हणाले. "मरायला पानं लागतात. तू तिरडी काढशील आणि लोक हसतील."

मच्छिंद्रला धास्ती तीच होती. म्हातारीच्या जिभेला लोक हसले, ते ठीक. तिच्या मढ्याला हसले असते तर त्याला सोसलं नसतं.

त्यानं खाट काढली. म्हातारी नुसती झोपल्यासारखी दिसली. हार घातला, तर निवडून आल्यासारखी दिसायला लागली. तीन कागद फाडले. शुक्रवारी चौथा घेतला. रखमाक्काच्या नेहमीच्या फाट्यावर कुणी हात न करताच एसटी थांबते. कंडक्टर दार उघडून बघतो. बाभळीखाली एकटी कोंबडी. शेवटच्या चौकटीत कोंबडी सीटवर, आणि कंडक्टर खिडकीकडे तोंड करून. शब्द एकही नाही.

"यात मेलं कोण?" रंगनाथरावांनी विचारलं आणि छापून टाकलं.

त्याच अंकात सरांचा नायकही एकदाचा गेला. कॉलेजातल्या तिघांनी सरांचा हात हातात घेतला म्हणे. मच्छिंद्रकडे कुणी फिरकलं नाही. दुकानाच्या पायरीशी पेरू विकणाऱ्या चांगुणा मावशीला अक्षरओळख नव्हती. शनिवारचा अंक ती चित्रांवरूनच वाचायची. आज तिनं तो बराच वेळ पाहिला, घडी घातली आणि पाटी उचलून निघून गेली.

'कळलं नाही,' मच्छिंद्र मनाशी म्हणाला.

दुपारी त्यानं जेवायचा डबा उघडला, तोच ती फडक्यात काहीतरी बांधून आली.

"घे बाबा. पिठलं-भाकर हाय. आज घरात चूल पेटली नसंल."

"तुमाला कोनी सांगितलं, मावशी?"

"सांगाया कशाला पायजे? त्या मेल्यानं कोंबडीचं तिकीट मागितलं न्हाई, तवाच कळलं." ती पायरीवर टेकली. "लई भांडकुदळ हुती. पर मानूस हुतं. घे, पैला घास घे."

मच्छिंद्रनं मटकीच्या उसळीचा डबा पायानं हळूच बाकाखाली सरकवला आणि भाकरी मोडली.