मढं हसेना

पहिल्या भागात उल्हासरावांना जिवंत असं कुणी पाहिलंच नव्हतं.

त्याचं झालं असं. तमिळ पिक्चर, शूटिंग मेलबर्नला. हीरो दिवसा सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा करणार आणि अंधार पडला की कायद्याच्या हाती न लागणाऱ्या बदमाशांना बदडणार. सगळं जुळलं, फक्त व्हिलनचा व्हिसा आला नाही. डायरेक्टर इळंगो डोकेबाज. त्याने व्हिलन पूर्ण पिक्चरभर खुर्चीत पाठमोरा बसवला. पाठ केटररची, आवाज चेन्नईत भरलेला. पण मेल्यावर तरी तोंड दाखवायला हवं, नाहीतर पब्लिकचा विश्वास कसा बसणार?

असं तोंड शोधत इळंगो मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात तळ्याकाठी आला, तर बाकावर उल्हासराव झोपलेले. डोळे उघडे. पुण्यातल्या सरकारी कचेरीत बैठकांना बसून बसून त्यांना ही विद्या साधली होती. नाकावर दोन माश्या होत्या. ऑस्ट्रेलियन माशी म्हणजे काय, ते ज्याच्या नाकावर बसते त्यालाच कळतं. ती उठत नाही, उलट जागा बरी आहे म्हणून पाहुण्यांना बोलावते. उल्हासरावांची पापणी हलली नाही.

इळंगो माटुंग्यात वाढलेला, मराठी फर्डं. "काका, मराल का?"

"आत्ता?" उल्हासराव म्हणाले. "चालेल. जेवण झालंय."

आता तमिळ सिनेमावाल्यांचा एक रिवाज आहे. कॅमेऱ्यासमोर जो मेला, त्याने तसंच उठून चालू पडायचं नाही. कॅमेरा चालू ठेवायचा, मेलेल्याने त्यात बघून हसायचं, मग मेकअपवाल्याने कोहळा फोडायचा. तेव्हा कुठे अशुभ टळतं. उल्हासराव हसले. चेन्नईत एडिटरला डुलकी लागली आणि ते हसू पिक्चरला चिकटूनच राहिलं. थेटरात हीरोने व्हिलन लोळवला, संगीत थांबलं, आणि मढ्याने डोळे फिरवून पब्लिककडे बघून हसून घेतलं. लोक खुर्च्यांवर चढले. मदुराईत म्हणे मढ्याच्या कटआउटवर दुधाच्या घागरी ओतल्या. तिथे दोन दिवस चहा कोरा मिळत होता. दुधाचं कमीजास्त असेल, पण त्या हसण्यावर दुसरा भाग निघाला, एवढं मात्र खरं.

तोवर पॉइंट कुकच्या मराठी मंडळात उल्हासरावांचं नाव पडलं होतं कैलासवासी. "या कैलासवासी, खिचडी घ्या." "कैलासवासी, गाडी जरा मागे घ्या." दुसऱ्या भागाचं बोलावणं आल्यावर त्यांनी गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या वेळी मी शेवटपर्यंत जिवंत आहे."

"निदान तिथे तरी," सुनेत्राबाई म्हणाल्या. सदतीस वर्षांचा संसार होता, त्यांना बोलायचा अधिकार होता.

पहिल्या दिवशी गोदामात शूटिंग. इळंगो मान खाजवत आला. "काका, पहिल्याच सीनला तुम्ही जाताय."

"कुठे?"

"वर."

"अरे, मंडळात सांगून बसलोय मी!"

"काय करू, काका? हीरोच्या एंट्रीपेक्षा तुमच्या हसण्याला जास्त शिट्ट्या पडल्या. तो म्हणतो, आधी म्हातारा संपवा. आणि या वेळी हसू कापायला तो स्वतः एडिटरच्या शेजारी बसणार आहे."

उल्हासराव तडक निघाले. खडूने आखलेल्या जागी जाऊन आडवे झाले. हीरोने बुक्का मारला, छातीवर पाय दिला, गॉगल घातला. टेक ओके.

"काका, हसा," इळंगो म्हणाला.

काका हसेनात.

"काका, झालं. हसा ना."

छताकडे डोळे लावून उल्हासराव पडून. हीरो पाय काढू लागला तसा मेकअपवाला कोहळा पोटाशी धरून ओरडला. मढं हसल्याशिवाय कुणी फ्रेम सोडायची नाही! हीरोच्या मनगटात चार गंडे, गळ्यात दोन ताईत. त्याने पाय परत ठेवला. दिवेवाले पुतळ्यासारखे उभे. गोदामाचा मालक डोकावून गेला. "ऑल गुड, मेट?" मग हीरोच्या पोटरीत गोळा आला. त्यातच उल्हासरावांच्या नाकावरची माशी उठली आणि हीरोच्या नाकावर जाऊन बसली.

इतक्यात सुनेत्राबाई थर्मास घेऊन आल्या. "गेले का?"

"नाही हो काकू. हसत नाहीयेत."

"लग्नाच्या फोटोत तरी कुठे हसलेत? लाडू सांगितले होते, पंक्तीत जिलबी आली." त्या खाली वाकल्या. "काय हवंय?"

ओठ न हलवता आवाज आला, "शेवटपर्यंत जगायचंय."

"ऐकलंत ना? शेवटपर्यंत जगवा," सुनेत्राबाईंनी सांगितलं आणि खुर्ची ओढून चहा ओतून घेतला. "नाहीतर मला घाई नाही. घरी पण हे असेच असतात."

इळंगोने हीरोला तमिळमध्ये समजावलं. हीरोने तमिळमध्ये आईची शपथ, करार आणि चाहते काढले. माशी नाकपुडीकडे सरकली.

"सरी, सरी!" हीरो किंचाळला. म्हणजे कबूल.

"कोहळ्यावर हात ठेवून," सुनेत्राबाई म्हणाल्या.

हीरोने हात ठेवला. उल्हासराव हसले. कोहळा फुटला.

इळंगो दिल्या शब्दाला जागला. दुसऱ्या भागात उल्हासराव शेवटपर्यंत जिवंत आहेत, कोमात. हॉस्पिटलच्या खाटेवर, नाकात नळी. हीरो दर वीस मिनिटांनी येतो, लांबलचक डायलॉग मारून जातो, मशीन टुकटुक करतं. हीरोही खूश, कारण जो मेलाच नाही त्याच्या हसण्याचा शॉट घ्यायचं कारण नाही.

मेलबर्नच्या शोला अख्खं मंडळ आलं. पिक्चर संपला. नावं सरकून गेली, दिवे लागले, तरी एक माणूस उठेना. सगळे पडद्याकडे डोळे लावून हसू यायची वाट बघत होते.

तिसऱ्या रांगेत उल्हासराव उभे राहिले, मागे वळले आणि हसले.

काय शिट्ट्या! दारातला पॉपकॉर्नवाला आडवा झाला म्हणतात.

बाहेर पार्किंगमध्ये सगळे भोवती जमले. "कैलासवासी, साधं बोट तरी हलवायचंत!"

"मशीनवरची रेघ हलत होती की नाही?" उल्हासराव म्हणाले.

रेघ हलत होती हे सगळ्यांना मान्य करावं लागलं.

सुनेत्राबाईंनी खबरदारी म्हणून गाडीत कोहळा आणून ठेवला होता. उल्हासराव तो फोडायला उचलू लागले, तसा बाईंनी काढून घेतला.

"जिवंत आहात ना? मग याची भाजी होईल."