गाडी कधीही येऊ शकते

माझ्या सुनेला जमिनीवर आणायचं काम माझं. त्यासाठी सरकारी लोखंडाची मदत मी मागितली नव्हती.

आमची बेकरी चौकात आहे. दारासमोरच्या रस्त्यातून बंद पडलेल्या गिरणीकडे जाणारे रूळ होते. गिरणी बुडाली, मालगाडी यायची थांबली, रूळ मात्र लग्न आटोपल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यासारखे तिथेच. सून पावाची हातगाडी घेऊन पलीकडे निघाली, चाक रुळाच्या खाचेत अडकलं. पाव रस्त्यावर आणि सून पावांवर. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आली आणि म्हणाली, "हात बरा झाला तरी गाडी ढकलणार नाही. माहेरी जाऊन शिवणकाम करीन."

मुलगा गप्प. त्याला गप्प बसायला मीच शिकवलंय, बोलणार कुणाला? सुनेवाचून बेकरी चालायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला सांगायची गरज नव्हती.

रेल्वेच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाला, "मावशी, रूळ आमचे, पण रस्ता त्यांचा. तो खणायचा आम्हाला अधिकार नाही."

रस्तेवाल्यांकडे गेले. तिथला इंजिनिअर चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "रस्ता आमचा, पण रूळ त्यांचे. दुसऱ्याच्या मालाला हात कसा लावू?"

"म्हणजे नवरा तुमचा आणि घोरणं शेजाऱ्याचं," मी म्हटलं. बिस्कीट तुटून कपात पडलं.

परत रेल्वेकडे. "लाईन बंद आहे, एवढं तरी कबूल करा."

साहेब दचकला. "बंद नाही, मावशी. स्थगित."

"त्यात फरक काय?"

"बंद म्हटलं की रूळ काढावे लागतात. स्थगित म्हणजे गाडी येऊ शकते."

"कधी?"

"कधीही."

"हे आधी सांगायचं होतं की," म्हणत मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक कामावर जायच्या वेळेला, सुनेचा लाल गाऊन काठीला बांधला. तो गाऊन मला कधीच आवडला नव्हता. पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडला. रुळाशेजारी खुर्ची टाकली आणि रस्ता अडवला. पलीकडच्या बाजूला मुलाला उभं केलं, गप्पच.

स्कूटर थांबल्या, ट्रक थांबले, बस थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काय झालं, आजी?"

"गाडी येतेय."

"कुठली?"

"स्थगित."

बसच्या मागे इंजिनिअरची जीप अडकली. तो उतरून आला. "अहो आजी, रुळांत झुडपं उगवलीयत. गाडी कुठून येणार?"

"मला काय विचारता? रूळ ज्यांचे त्यांना विचारा. दुसऱ्याच्या मालाबद्दल मी कशी बोलू?"

त्याने फोन लावला. थोड्या वेळाने रेल्वेचा साहेब घामाघूम होऊन चालत आला. त्याची मोटारही आमच्याच गर्दीत रुतली होती.

"येणार आहे का गाडी?" इंजिनिअर खेकसला.

साहेबाने बसकडे पाहिलं, गाऊनकडे पाहिलं. येणार म्हणावं तर फाटक बसवा, माणूस नेमा. "नाही येणार," तो पुटपुटला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"नाही येणार. लाईन बंद आहे."

मी गाऊन खाली केला.

रूळ रेल्वेने उपटले, खड्डे रस्तेवाल्यांनी बुजवले. एकमेकांवर नजर ठेवायला दोघेही साहेब दिवसभर उन्हात उभे. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

सुनेचं प्लास्टर निघालं त्या सकाळी मी हातगाडी दारात आणून ठेवली. सुनेने सपाट रस्ता पाहिला. मग आत जाऊन काठी घेऊन आली, गाऊन अजून बांधलेलाच.

"आई, हा धरा. मी पलीकडे जाईपर्यंत ट्रक थांबवायचे."

"रोज?"

"मी कधीही निघेन," ती म्हणाली. "तयार राहायचं."

ही जीभ तिने माहेरून आणलेली नाही. मी काठी उचलली.