सातव्या मजल्यावरचा सुदामा

जरा जवळ सरका, मायबापहो. एका दाराची गोष्ट सांगते. त्या दारात एक जण अजून उभा आहे.

लिफ्टचं पितळी बटण. त्यावरचा सातचा आकडा बोटांनी झिजलेला... सुरेखाचा अंगठा त्याच्यावर, आणि लिफ्ट मुकी. आमच्या पामर्स्टन नॉर्थ गावातली ही पहिली उंच इमारत. नवी होती तेव्हा म्हणे माणसं मुलाबाळांना घेऊन नुसती वर-खाली करायला यायची — आणि पुढे तिच्याच माथ्यावरच्या खोलीत, एकादशीला, लीलाबाई कीर्तनाला उभ्या राहायच्या. खिडकीबाहेर डोंगरावरच्या पवनचक्क्या, आत चिपळ्या...

अशाच एका एकादशीला कीर्तनातला सुदामा द्वारकेच्या महाद्वारात पोचला होता. द्वारपाल हसत होते. बाईंनी पदर सारखा केला, स्वर लावला — आणि सुरेखाच्या नवऱ्याने, रमणने, आरतीसाठी आधीच पेटवलेल्या कापराने अलार्म वाजला. सगळे जिन्याने खाली. बंबवाला ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत आला, तर बाईंनी त्याच्याही कपाळाला बुक्का लावला.

"भावजी, मी देवाला बोलावत होते, तुम्ही बंब बोलावलात," बाई रमणला म्हणाल्या. "असू दे. पुढच्या एकादशीला नेते सुदाम्याला आत."

त्याआधीच दारावर नोटीस लागली — क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर जुन्या इमारती तपासत होते, त्यात ही कच्ची निघाली. रमणने दुसरा हॉल शोधला. बाई ऐकेनात. "जिथे थांबवलाय, तिथूनच आत नेईन." वर्षं गेली, आणि गेल्या हिवाळ्यात बाईच गेल्या.

आज डागडुजीवाल्या कंत्राटदाराने त्यांची वरच अडकलेली बाजाची पेटी खाली आणून ठेवली होती.

"पाच मिनिटं वर जाऊ?" सुरेखाने त्याला विचारलं.

"सॉरी, वरची जमीनच उखडलीय. पेटी मात्र स्वीट ॲज, एकदम ठणठणीत."

"शेवटी मिठी मारतात, मम," लेक जुई गाडीची किल्ली खुळखुळवत म्हणाली. "एव्हरीवन नोज द एंडिंग."

हो गं, मिठी मारतात, सुरेखाच्या मनात आलं... पण बाईंच्या गळ्यातून ती मिठी कशी आली असती — देव आधी धावला असता, की मित्र आधी वाकला असता, आणि मध्ये त्या किती वेळ गप्प राहिल्या असत्या — ते मला आता कोण सांगणार?

तिने पेटी उघडली. भात्यातून बुक्क्याचा वास आला. बाईंची काळी चारची पट्टी दाबली, आणि तो एकच स्वर लिफ्टच्या पोकळीतून वर, वर गेला... पुढचं पद ओठांवर आलं, ते तिने म्हटलं नाही. आत जायची घाईच नव्हती. सुदाम्याच्या शेजारी ती उभी होती, आणि दार, पहिल्यांदाच, बंद वाटत नव्हतं.

मायबापहो, कुठे सुदाम्याचं नाव निघालं, तर आमच्या लीलाबाईंना आठवा.