कुंभारणीचा दृष्टांत

कळव्याच्या गोपीनाथबुवांना दृष्टांत पुष्कळ येत होते, पण लोकांना त्यांच्या तोंडून एकच हवा असायचा. कुंभारणीचा. कुंभारीण म्हणजे ती पिवळी-काळी, गांधीलमाशीच्या जातीची माशी, घराच्या कोपऱ्यात मातीचं गाडगं बांधणारी. बुवा सांगायचे, ही माशी कुठूनशी एक अळी धरून आणते, गाडग्यात कोंडते, आणि वरून सारखी गुणगुणते, डंख मारते. आतली अळी भीतीने तिचंच ध्यान करते, आणि ध्यान करता करता एक दिवस स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. गुरू शिष्य घडवतो तो असा! इथे टाळकरी डोलायचे, बायका पदर डोळ्याला लावायच्या, आणि दिवा गावापासून भिवंडीपर्यंत ज्या गावात सप्ताह असेल तिथून बुवांना याच एका दृष्टांतासाठी बोलावणं यायचं.

बुवांच्या मुलाने, गणूने, हा दृष्टांत नुसता ऐकला नव्हता, सोसला होता. एकुलता एक पोरगा. त्याने बापामागे वीणा घ्यायची हे त्याच्या जन्माआधीच ठरलेलं. अभंगाचा एक शब्द चुकला की वेताची छडी हातावर यायची आणि पाठोपाठ वाक्य यायचं, "डंख बसल्याबिगर अलीची कुंभारीन होत नाय." आई, ठमाबाई, नंतर हळद-तेल लावायची. पोराचं लक्ष अभंगात नव्हतंच. ते कोळशाने खळ्याच्या भिंतीवर बैल काढत बसायचं. शेवटी मिसरूड फुटल्यावर तो एक दिवस कल्याणला मावशीकडे गेला तो परतलाच नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि तिथल्याच एका शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. बुवांनी शिव्या दिल्या नाहीत की बोलावणं धाडलं नाही. गौरी-गणपतीला गणू घरी यायचा तेव्हा ते बायकोला म्हणायचे, "मास्तरांना ताट वाढ." बस, एवढाच संबंध. बापलेकांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं.

चोपन्न साली गावाने विठोबाच्या देवळाचा सभामंडप नवा बांधला. एक लांबच्या लांब भिंत पांढरीफेक उभी राहिली आणि पंढरी पाटलांच्या डोक्यात कल्पना आली. बुवांचा आवाज आता बसत चाललाय, तर त्यांची कुंभारीण या भिंतीवर रंगवून घ्यायची. सप्ताहात बुवांनी कीर्तन करावं आणि लोकांनी मागे चित्र बघावं. रंगवायला मुंबईचा पेंटर कशाला? घरचाच मास्तर आहे की! बुवांना विचारलं तर ते म्हणाले, "मास्तरांना सुट्टीत येल गावला त करू दे."

गणूने हो म्हटलं. का म्हटलं, याचं त्यालाच नवल वाटलं. पण खरं सांगायचं तर बापाने आपलं एखादं तरी चित्र उभं राहून बघावं, ही त्याची लहानपणापासूनची भूक होती. ती काही शाळेतल्या फुलदाण्या काढून भागत नव्हती.

मे महिन्याची सुट्टी लागली तसा तो रंगाचे डबे घेऊन आला. भिंतीवर चार मोठे चौकोन आखले. पहिल्यात माशी अळी धरते, दुसऱ्यात कोंडते, तिसऱ्यात अळी ध्यान करते, चौथ्यात कुंभारीण बाहेर पडते. पहिला चौकोन त्याने एका सकाळीच भरून टाकला आणि मागे सरून बघत उभा राहिला. देऊळ झाडणारी तुळसा खराटा टेकवून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि फिसकन हसली.

"अगं बाय! यो त भुंगा! कुंभारनीची कंबर कवरी, न हिची कवरी! ही त आपल्या पाटलीनबाईसारखी दिसतं."

मंडपात बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत ते पाटलीणबाईंच्या कानावरही गेलं. गणूचे कान लाल झाले. ज्या माशीच्या नावाने आपण आयुष्यभर मार खाल्ला, ती आपण कधी नीट बघितलीच नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने सगळा चौकोन चुन्याने पुसून काढला.

देवळामागे सतरंज्या आणि मृदंग ठेवायची एक खोली होती. तिच्या खिडकीची एक काच फुटलेली. त्या वाटेने एक कुंभारीण आत-बाहेर करत होती आणि शेजारच्या धड काचेला आतल्या बाजूने गाडगं चिकटवत होती. गणूला हे घबाडच मिळालं. गाडग्याची पाठ म्हणजे नुसती काच. बाहेर उभं राहिलं की उन्हात आतलं सगळं दिसायचं, मडकं उभं कापून ठेवावं तसं. त्याने तिथे पाट टाकला, कागद घेतले आणि ठाण मांडलं.

विहिरीजवळ सांडलेल्या पाण्याने चिखल व्हायचा, तिथून ती ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणायची. गोळी दाबताना बारीक आवाजात गुणगुणायची, आणि ती ओली माती अशी पातळ पसरायची की आतून-बाहेरून बोटाचा ठसा दिसू नये. कंबर म्हणजे नुसता दोरा. त्या दोऱ्याच्या टोकाला हळदीच्या रंगाचं पोट, आणि उडताना मागे लोंबणारे लांब पाय. शेवटी तिने गाडग्याला लोटीसारखा गळा काढला, बाहेर वळलेला, सुबक. गणूला वाटलं, आपण शाळेत पोरांना वर्षभर जे शिकवतो ते या माशीला कोणी शिकवलं? कागदामागून कागद भरत होते. आजवर त्याने इतकं मन लावून काहीही काढलं नव्हतं, आणि आपण जेवलो नाही हेही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

ठमाबाई भाकरी आणि सुकट घेऊन मागे येऊन उभी राहिली. "काय बगतंस रं एवरा?"

"तूच बघ ना आये."

तिने बघितलं. "माज्या सासूला अशी चूल घालाया येत व्हती," ती म्हणाली आणि तीही थोडा वेळ तिथेच बसली.

मग कुंभारणीने गाडग्याच्या आत वरच्या बाजूला एका धाग्याने इवलंसं अंडं टांगलं. त्यानंतर अळ्या आल्या. एक नाही, पाच-सहा, भेंडीवर असतात तशा हिरव्या. तिने त्या गळ्यातून एकेक करून आत कोंबल्या, तोंड मातीने लिंपलं आणि ती निघून गेली. आता गुणगुणेल, मग डंख मारेल, म्हणून गणू वाट बघत राहिला. ती फिरकलीच नाही. पलीकडे दाराच्या चौकटीवर तिने दुसरं गाडगं मांडलं होतं. गणूने तोवर भेंडीच्या वाफ्यातली तसलीच एक अळी काचेच्या बरणीत पाल्यासकट आणून ठेवली, तोंडाला फडका बांधला. अळीचं चित्र काढायला नमुना हवा होता म्हणून.

मग काचेआड ते अंडं फुटलं. त्यातून एक पांढरं, आंधळं पोर खाली लोंबलं आणि पहिल्या अळीला तोंड लावून खाऊ लागलं.

गणू दचकला. त्याने डोळे चोळले. रोज बघत राहिला. अळ्या एकेक करून संपत होत्या आणि पांढरं पोर फुगत होतं. ध्यान नाही, जप नाही, काही नाही. अळीची कुंभारीण होत नव्हती. कुंभारणीचीच कुंभारीण होत होती, आणि अळी तिची शिदोरी होती. जेव्हा त्याला हे नीट उमगलं तेव्हा तो एकटाच मोठ्याने हसला. सगळा दृष्टांतच खोटा! मग त्या छड्या कशासाठी खाल्ल्या? त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त आनंद झाला. तिसऱ्या चौकोनात हेच रंगवायचं, असं त्याने ठरवलं. बुवा काल्याच्या कीर्तनाला, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, उभे राहतील, हात मागे करून भिंत दाखवतील, आणि भिंतच त्यांना खोटं पाडेल. सगळ्या गावासमोर.

त्याने कच्चं चित्र काढलं. ठमाबाईने ते उचलून उजेडात धरलं.

"यो हिला खातंय?"

"हो."

"बाबाना दावलंस?"

"भिंतीवर बघतील की."

ठमाबाईने कागद खाली ठेवला. "गन्या, लोकांच्या म्होरं बापाची पगरी उरवू नको. तू खोटं चित्र कार असं मी नाय बोलत. खरंच कार. पन आदी त्याना दाव. म्हातारा मानूस हाय, घरात पडला त उठल, चारचौगात पडला त नाय उठायचा."

गणू त्या दिवशी आईशी बोललाच नाही. पण सकाळी तोंड धुऊन तो ओटीवर गेला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा थेट बापाला म्हणाला, "बाबा, जरा देवळामागं येता?"

बुवांनी बायकोकडे बघितलं. "मास्तर कशाला बोलवतान?"

"हातच्या काकनाला आरसा कशाला? जाऊन बगा की," ठमाबाई म्हणाली.

बुवा काठी टेकत आले. काचेला कपाळ लावून, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून बघू लागले. आत त्या पांढऱ्या पोराने शेवटच्या दोन अळ्यांतली एक धरली होती.

"मेली ही?"

"मेली नाही. डंख मारून लुळी केलीय. ताजी राहावी म्हणून."

"न यो कोन?"

"कुंभारणीचं पोर. अंडं तिनंच टांगलेलं."

बुवांचा हात काचेवर टेकला होता. छडी धरणारा हात तोच, पण आता त्याच्या शिरा वर आल्या होत्या आणि कातडी सैल पडली होती. या घटकेची गणूने किती वाट बघितली होती! त्याला वाटलं होतं मजा येईल. आली नाही.

"म्हंजे अलीची कुंभारीन होतच नाय," बुवा म्हणाले.

"नाही, बाबा."

"कवाच नाय?"

"कधीच नाही."

बुवांनी शेवटच्या उरलेल्या अळीवर काचेवरूनच बोट ठेवलं. मग त्यांनी मान वळवली. "मंग या अलीला धरली नसती, त काय झाली असती ती?"

गणूला या प्रश्नाची कल्पनाच नव्हती. तो आत गेला आणि बरणी घेऊन आला. बरणीतल्या अळीने स्वतःला पाल्यात गुंडाळून घेतलं होतं आणि कालच तिच्यातून पतंग निघाला होता, पिकल्या पानाच्या रंगाचा, पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला. बुवांनी बरणी उन्हात धरली.

"ही तीच अली?"

"तीच जात. भेंडीवरची."

"तू काय केलास हिला?"

"काही नाही. पाला घातला."

"नुसता पाला?"

"नुसता पाला."

बुवांनी फडका सोडला. पतंग त्यांच्या अंगठ्यावर चढला, तिथे थोडा थरथरला आणि भिंतीच्या सावलीत उडून गेला. बुवा देवळाच्या जोत्यावर खाली बसले.

"पंख आतच व्हते तिचे," ते म्हणाले. मग त्यांनी गणूचा उजवा हात ओढून घेतला. मधल्या बोटाच्या पेरावर वेताची एक जुनी खूण होती, आज तिच्यावर पिवळा रंग लागला होता. दोघांनीही ती बघितली. बुवांनी अंगठ्याने रंग पुसायचा प्रयत्न केला, पण तो वाळला होता.

गणूने चारही चौकोन जसं दिसलं तसे रंगवले. पाचव्या, पतंगाच्या चित्राला जागाच नव्हती. ते बुवांच्या सांगण्यावरून दाराशेजारच्या हातभर पट्टीत बसवावं लागलं.

काल्याच्या कीर्तनाला मंडप भरला. बुवा कुंभारणीपाशी आले तसे टाळकरी डोलायच्या तयारीत सरसावून बसले.

"मंडळी," बुवा आपल्या कीर्तनातल्या भाषेत म्हणाले, "आजवर मी तुम्हाला सांगितलं ते ऐकीव. आज डोळ्यांनी बघितलेलं सांगतो." आणि त्यांनी भिंतीवरचं एकेक चित्र काठीने दाखवत सगळं सांगितलं. टाळकऱ्यांना कुठे डोलायचं ते कळेना. पंढरी पाटील अस्वस्थ होऊन सारखे उपरणं सावरत होते. "आता तुम्ही विचाराल, त्या अळीला कोणी कोंडलंच नसतं तर? ते दाराशी बघा. मलाही हे कालपरवापर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणून मी पन्नास वर्षं डंख मारत बसलो. ते चित्र माझ्या पोरानं, गणूनं काढलंय."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. गणू नेमका तिथेच उभा होता. त्याला कुठे बघावं कळेना, म्हणून तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. गणू वाढपाची बादली घेऊन मंडपात आला तेव्हा दाराशी बुवा एकटेच उभे होते. त्या दिवशी खिडकीच्या काचेला लावलं होतं तसं कपाळ त्यांनी भिंतीजवळ नेलं होतं, आणि ते पतंगाच्या पंखावरून बोट फिरवत होते.

"गन्या," मागे न बघताच ते म्हणाले, "ही रेघ एवरी बारीक कशी केलीस रं?"

गणूने बादली खाली ठेवली आणि तो सांगू लागला.