पाच नंबरच्या शेताची माती

सुमेईनं लाकडी लाटणं फिरवलं, ढेकूळ फुटलं आणि आतून लाल माती निघाली. तिचा हात थांबला. तिनं पिशवीतलं दुसरं ढेकूळ काढलं, तेही फोडलं. तेही लालच.

भातखाचराची माती वाळली की राखेसारखी करडी पडते, मुळांच्या भोवती गंजाचे डाग असतात आणि नाकाशी धरली तर चिखलाचा कुबट वास येतो. तालुक्याच्या माती तपासणी केंद्रात चौदा वर्षं तिनं दुसरं केलंच काय होतं? अशी माती वाळवायची, लाटायची, चाळायची. ही माती खाचरातली नव्हती, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती. पिशवीवर मात्र गावसमितीचा लाल शिक्का होता आणि त्याखाली थोरल्या काकांचं वेडंवाकडं अक्षर: लुओ फूशेंग, पाच नंबरचं शेत.

म्हाताऱ्यानं फसवलं होतं. सत्तरी उलटली तरी खोड जात नाही, असं म्हणून तिनं लाटणं खाली ठेवलं.

नियम सोपा होता. नमुना संशयास्पद असेल तर साहेबांना कळवायचं, पिशवी परत पाठवायची. पण फेरतपासणी एकदाच मिळते. काकांची चार शेतं आधीच गेली होती. त्यांच्या मातीत कॅडमियम हा विषारी धातू निघाला, म्हणून तिथं भात लावायला बंदी झाली. बांबू लावा, शोभेची झाडं लावा, असं समितीनं सांगितलं. काका म्हणाले होते, शोभा खायची कशी ते पण सांगा. पाच नंबरचं तेवढं उरलं होतं. पहिल्या तपासणीत तेही नापास झालं, कॅडमियम मर्यादेच्या चौपट. आता ही फेरतपासणी हुकली की त्या घरात दुकानातला तांदूळ शिजणार होता. आणि तांदूळ विकत आणणारा शेतकरी मेलेला बरा, हे वाक्य सुमेई लहानपणापासून ऐकत आली होती. बाप गेल्यावर त्याच शेताच्या भातावर ती वाढली, शिकली. रोपं वीतभर झाली होती. आठवड्यात लावणी झाली नाही तर तीही फुकट जाणार होती.

तिनं दाराकडे पाहिलं. मग नायलॉनची चाळणी ओढली (पितळेची चालत नाही, तिचाच धातू मातीत उतरतो), माती चाळली, तोलली, ॲसिडात घातली आणि वहीत लिहिलं: पाच नंबरचं शेत. चौदा वर्षांतली ही पहिली बेइमानी. हात जरासुद्धा कापला नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी काका आले. फेरतपासणीला शेतमालकाला समोर बसता येतं, आणि हक्काचं काही सोडतील तर ते काका कसले. धुतलेला निळा सदरा, पायात चिखल वाळलेले बूट. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून त्यांनी यंत्राला नखशिखांत न्याहाळलं, मुलगी बघायला आलेल्या सासऱ्यासारखं.

"तर हे आमच्या भाताच्या मुळावर उठलंय," ते म्हणाले. "करतं तरी काय?"

सुमेईनं सांगितलं. आत कॅडमियमचा दिवा आहे, त्याचा उजेड खास असतो. मातीचा अर्क तापवून त्याची वाफ केली की त्यातलं कॅडमियम तेवढाच उजेड गिळतं. जितका उजेड कमी पोचला, तितका धातू जास्त.

"उजेड खातं म्हणे," काका म्हणाले. "बरंय. आम्हाला भात तरी खाऊ द्या."

ती हसली. तिला आज हसू येत होतं. आकडा कमी येणार, कागदावर शिक्का बसणार, आणि हा माणूस आयुष्यभर आपल्या हुशारीवर मनातल्या मनात खूश राहणार. राहू दे. तिनं आधी केंद्राची ठेवणीतली माती लावली, जिचा आकडा डबीवरच छापलेला असतो. यंत्रानं तो बरोबर सांगितला. मग निव्वळ ॲसिड लावलं. त्यात काही नाही आलं. मग काकांची माती.

पडद्यावरची रेघ चढायला लागली आणि चढतच गेली.

सुमेईनं तोच अर्क पुन्हा लावला. मग दुसऱ्या नळीतला. ठेवणीतली माती परत एकदा तपासली, ती अजूनही बरोबर येत होती. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

"काका," ती शेवटी म्हणाली, "नापास. मर्यादेच्या सहापट."

काका हसायला लागले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं दिलेलं गरम पाणी सांडत सांडत ते म्हणाले, "सापडलं! अगं सुमे, सापडलं तुमचं यंत्र! ती माती पाच नंबरची नाहीच."

सुमेईनं हातातली नळी खाली ठेवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं, रंगवून रंगवून. पितरांच्या छिंगमिंग सणाला टेकडीवर थडगी साफ करायला गेले, तेव्हाच डोक्यात आलं. आईच्या थडग्यावर दोन टोपल्या नवी माती घातली, उदबत्त्या लावल्या, तिला सांगितलं की तुझ्या शेजारची दोन ओंजळी नेतो, यंत्राचं खोटं उघडं पाडायचंय. तिथं ना नदीचं पाणी चढतं, ना कुणी खत टाकतं. धातू गाळायच्या भट्टीचं घाण पाणी नदीतून शेतात आलं, हे तर सरकारच म्हणतं. मग टेकडीवर ते पाय फुटून गेलं का? साठ घरांचं गाव या यंत्राच्या शब्दावर उपाशी बसवलंय. आता हा आकडा शिक्का मारून द्यायचा. समितीच्या फळ्यावर ते स्वतः चिकटवणार होते आणि उद्या पहाटे लावणी करणार होते.

म्हणजे त्यांनी पास व्हायला फसवलंच नव्हतं. ते यंत्राची परीक्षा घेत होते. चोर समजून तिनं ज्याला पाठीशी घातलं, तो तिच्याहून सरळ निघाला होता.

"काका, यंत्र बरोबर आहे."

"असं कसं गं?"

तिनं डबी त्यांच्या हातात दिली, छापलेला आकडा दाखवला, मग पडद्यावरचा. त्यांना आकडे वाचता येत होते. त्यांनी दोन्ही नीट पाहिले.

"ती भट्टी," ती म्हणाली, "तिला धुराडंही होतं ना?"

होतं. बारा वर्षं झाली बंद पडून. तिचा धूर दुपारनंतर टेकडीकडे वळायचा. गाव खूश असायचं, की बरं झालं, घरांवर येत नाही. पाण्याच्या मागे सगळे लागले. वाऱ्याला कुणी विचारलंच नाही. सुमेईनंही नाही.

काकांनी डबी परत टेबलावर ठेवली. ठेवताना ती कडेला गेली, तशी पुन्हा उचलून मधोमध ठेवली.

"पण तूच तर म्हणाली होतीस," ते हळू आवाजात बोलले. "खाली नको, भाजीचा वाफा वर टेकडीवर करा. चार वर्षं तिथलंच खातोय आम्ही. तुझी काकू तर भाताहून पाला जास्त खाते, दात नाहीत म्हणून." त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी पुढे सरकवली. आत मोहरीच्या पाल्याच्या दोन जुड्या होत्या, पेंढ्याच्या काडीनं बांधलेल्या. "ही तिनं तुला दिलीय. सकाळची खुडलेली."

सुमेईनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. घ्यायला नको होती, पण काकूनं पाठवलेलं ती कधी परत करू शकली नव्हती. वाफा वर करा, हे शब्द ती कुठं उभी राहून बोलली होती, तेही तिला आठवत होतं. न तपासता बोलली होती. घरच्या माणसांना सांगताना कोण तपासतं?

"मी चुकले, काका."

काकांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, ते कळलं नाही. टेबलावर चाळून उरलेल्या मातीची बशी होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बशी त्यात उपडी केली, कडेला चिकटलेली धूळ बोटानं निपटून घेतली आणि रुमालाला गाठ मारायला लागले. आईच्या शेजारची आहे, म्हणाले, इथं केरात जायला नको. गाठ काही केल्या बसेना.

"सुमे," ते मान वर न करता म्हणाले, "मग मी गेल्यावर मला पुरायचं तरी कुठं? की तेही तपासून सांगशील?"